"एक मिनिट कोणी बोलू नका": गडचिरोलीतल्या नवजात बाळांची केस

मागच्या वर्षी बहिणीच्या बाळंतपणाला मी दीड-दोन महिने वर्धा जिल्ह्यातल्या गावी जाऊन राहिले होते. डिलिव्हरी सरकारी दवाखान्यात झाली, दोन दिवसांनी घरी सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच आशाताई दारात. खांद्याला बॅग, बॅगेत वजनाचा काटा, त्याला अडकवायची कापडी झोळी, थर्मामीटर, घड्याळ. आल्या आल्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग बाळाला झोळीत ठेवून काट्याला टांगलं (माझ्या आईचा जीव नुसता खालीवर), वजन लिहून घेतलं, काखेत थर्मामीटर धरलं, आणि मग झबलं वर करून म्हणाल्या, "थांबा जी, एक मिनिट कोणी बोलू नका." टीव्ही बंद झाला, भाऊजी दारातच उभे राहिले, आई गप्प. ताई घड्याळावर एक डोळा ठेवून बाळाच्या पोटाची वरखाली मोजत बसल्या. बावन्न भरले. "साठच्या आत आहे, काही नाही, मस्त आहे पोरगी."

मी पब्लिक हेल्थचा कोर्स करत होते आणि नेमकी हीच केस, म्हणजे गडचिरोलीत घरी जाऊन नवजात बाळांना वाचवण्याचा प्रयोग, आम्हाला लिहायला दिलेली, पण तोवर ती माझ्यासाठी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला एक पेपर आणि परीक्षेतला प्रश्न होती. त्या दिवशी ट्यूब पेटली की आमच्या ओसरीवर बसून ही बाई जे करतेय ते कधीतरी कुणालातरी संशोधन करून सिद्ध करावं लागलंय. साठ हा आकडा, काखेतलं तापमान, गावातल्याच बाईने घरी येणं, सगळं. म्हणून असाइनमेंटमध्ये जे मावलं नाही ते इथे लिहितेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

तर केस अशी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग, दोघंही नागपूरचे एमडी, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गडचिरोली जिल्हाच मुळात १९८२ चा, चंद्रपूरपासून तोडून केलेला, जंगल, धान, नदीनाले, आणि पावसाळ्यात रस्ते बंद म्हणजे बंदच. काम सुरू झालं एका तेंदूपत्त्याच्या गोदामात. बाहेरून शिकून आलेली माणसं जे करतात तेच यांनीही आधी केलं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला, शास्त्र म्हणून चांगलाच होता, पण लोकांनी तो मागितलेला नव्हता आणि लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ही चूक डॉक्टरांनी स्वतःच नंतर ठिकठिकाणी सांगितलीय. मला या केसमधला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण त्यानंतर प्रश्न विचारायची दिशाच बदलली, आधी लोकांना विचारायचं तुमचं दुखतं कुठे आणि मग संशोधन.

बायकांनी काय सांगितलं? एक तर स्वतःच्या अंगावरची दुखणी, जी त्या नवऱ्यालाही सांगत नव्हत्या. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं की ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास आहे, सरासरी एकीला साडेतीनपेक्षा जास्त आजार, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच सगळ्यांचा समज. मोजलंच नव्हतं कुणी, मग दिसणार कुठून.

दुसरं म्हणजे पोरं मरतात. हे सगळ्यांनाच माहीत होतं, किती मरतात ते मात्र माहीत नव्हतं. आता हे नीट समजून घ्या कारण अख्ख्या केसचा पाया इथे आहे. घरात जन्मलेलं बाळ चौथ्या दिवशी गेलं, त्याचं नावसुद्धा ठेवलेलं नाही, बारसं नाही, घराच्या मागे पुरलं, संपलं. जन्माचीच नोंद नाही तर मृत्यूची कुठून होणार? सर्चने गावागावात आपली माणसं नेमून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहायला सुरुवात केली, आणि १९८८ च्या सुमारास त्या भागातला बालमृत्यू दर निघाला हजारी १२१. आठ बाळांमागे जवळपास एक, वर्ष पुरं व्हायच्या आत. पुढे २००१ मध्ये राज्यातल्या इतर संस्थांना सोबत घेऊन असंच मोजून 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला तेव्हाही हेच निघालं, सरकारी कागदावर पोरं कमी मरतात कारण कागद मेलेल्यांपर्यंत पोचतच नाही.

डॉ. अभय बंग एक प्रसंग नेहमी सांगतात. पावसाळ्यातली संध्याकाळ, दोन बाया एक मरायला टेकलेलं बाळ घेऊन त्यांच्या घरी आल्या, आणि उपचार सुरू व्हायच्या आत ते बाळ गेलं. नंतर त्यांनी बसून कारणांची यादी केली, हे बाळ का मेलं? गरिबी, आईचं कुपोषण, बापाची दारू, मांत्रिकाकडे गेलेले दिवस, पुराने अडवलेली वाट... अठरा कारणं निघाली. अठरा कारणं दूर करायची म्हणजे आधी क्रांतीच करायला पाहिजे, आणि बाळाला तेवढा वेळ नाही. मग सुचलं ते असं, की अठरा कड्यांची साखळी आहे ना, मग अठराही कड्या तोडायची गरजच काय, एक तोडली तरी साखळी तुटते. सगळ्यात कच्ची कोणती तेवढी शोधायची.

पहिली सापडली न्यूमोनिया. विदर्भात याला 'डब्बा' म्हणतात, पोट आत ओढलं जातं, पोरगं धापा टाकतं. औषध स्वस्त आणि साधं, प्रश्न एवढाच की ओळखायचं कुणी? गावात डॉक्टर नाही, दाई आहे, पण तिला पन्नासपर्यंत मोजता येत नाही. मग तिच्यासाठी मोजायचं एक साधन केलं, एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, दहापर्यंत तर बोटांवरही येतं ना. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. लहान बाळाची मर्यादा साठ, दोन महिन्यांवरच्याची पन्नास, म्हणून मण्यांच्या ओळी दोन. मला विचाराल तर पूर्ण केसमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. निरक्षर बाईला अक्षर शिकवत बसण्यापेक्षा निदानच तिच्या बोटांच्या मापाचं करून टाकलं. १९९० मध्ये हेही लॅन्सेटमध्ये आलं, न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, एकूण बालमृत्यूही उतरले.

पण मग गाडी अडली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दर हजारी पंच्याहत्तरच्या आसपास येऊन थांबला, आणि आकडे फोडून बघितले तर उरलेल्यांत बहुतेक मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. म्हणजे नवजात. आणि नवजात बाळाबद्दल तेव्हा जगभरातल्या पुस्तकात एकच वाक्य होतं, दवाखान्यात न्या. कुठल्या दवाखान्यात? इथे ९५ टक्के बाळंतपणं घरी होतायत, त्यात बाळंतीण आणि बाळ महिनाभर उंबरठ्याबाहेर येत नाहीत, आणि आलेच तरी जिल्ह्याच्या गावी काचेची पेटी नाही.

१९९३ मध्ये अभ्यास आखला. एका बाजूला ३९ गावं, तिथे नवं काहीतरी करून बघायचं, दुसऱ्या बाजूला ४७ गावं, तिथे जे सरकारी चाललंय तेच चालू, दोन्हीकडे लोकसंख्या साधारण चाळीस हजार, आणि दोन्हीकडे जन्ममृत्यू सारख्याच काटेकोरपणे मोजायचे. पहिली दोन वर्षं फक्त मोजणी. मग १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या शिकवून तयार केलेल्या बायकांनी (पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावच्या) ७६३ नवजात बाळांना घरी जाऊन जन्मापासून २८ दिवस बघितलं. घरी नक्की काय होतं हे इतकं जवळून तोवर कुणी बघितलंच नसावं. ४२ टक्के बाळं जन्मतः कमी वजनाची. अर्ध्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, मिळाली किती जणांना, २.६ टक्के. ४० बाळं गेली आणि त्यातली ३८ घरातच गेली. राणीताईंनी याच गावांत बाळंतिणींचंही असंच मोजलं तर निम्म्याहून जास्त बायकांना बाळंतपणात किंवा नंतरच्या दिवसांत काही ना काही त्रास झालेला निघाला, आणि आपल्याकडे समज काय, तर बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, दुखणारच, त्यात काय सांगायचं.

इथे मी जरा अडखळते, खरं सांगायचं तर. वर्षभर बाळं बघत बसायचं, आणि शेजारच्या ४७ गावांत पुढची तीन वर्षं फक्त मोजायचं, हे मनाला टोचतंच. आमच्या वर्गातही यावर जोरात वाद झाला, एक मुलगी तर म्हणाली हे मी केलंच नसतं. दुसरी बाजू अशी की तेव्हा घरी केलेला उपचार चालेल का, उलट नुकसान तर नाही होणार, हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि तुलनेला गावं नसती तर पुढे कुणीही म्हणालं असतं की पाऊसपाणी बरं झालं, रस्ते झाले म्हणून पोरं वाचली. मला दुसरी बाजू पटते पण टोचणी जात नाही. जाऊ पण नये बहुतेक.

मग आला खरा कार्यक्रम. गावातली ती बाई, तिला नाव दिलं आरोग्यदूत. गरोदरपणापासून घरी जायचं, बाळंतपणाला दाईच्या सोबत हजर राहायचं. दाई आईला सांभाळेल, ही फक्त बाळाकडे बघेल. ही वाटणी ऐकायला साधी वाटते, पण जुन्या पद्धतीत वार पडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष आईकडे आणि बाळ तसंच उघडं जमिनीवर, ओलं. आता कुणीतरी एक माणूस फक्त त्याच्यासाठी आहे. पुसायचं, गुंडाळायचं, रडलं नाही तर नाकातोंडातला चिकटा ओढायचा आणि मास्क लावून हवा द्यायची. पहिला चीक फेकायचा नाही, लगेच पाजायचं. कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायचं, अगदी स्लीपिंग बॅगसारखी. मग महिनाभर ठरलेल्या दिवशी जाऊन वजन, तापमान, श्वास, बेंबी, पाजणं बघायचं.

आणि सगळ्यात वादाची गोष्ट, सुई. नवजात बाळाच्या अंगात जंतुसंसर्ग झाला तर बाळ काही ताप येऊन तुमच्यासमोर रडत नाही, ते गप्प होतं. दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, अंग ढिलं पडतं, हातापायाला गार लागतं, श्वास साठच्या वर जातो, छाती आत ओढली जाते, बेंबीतून पू येतो. यातली दोन लक्षणं एकदम दिसली की आरोग्यदूताने आधी दवाखान्यात न्या म्हणून सांगायचं, आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर त्यांची लेखी परवानगी घेऊन घरीच जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने औषध द्यायचं, ठरलेले दिवस, रोज. सातवी पास बाई नवजात बाळाला सुई देणार म्हटल्यावर डॉक्टर मंडळींचं काय झालं असेल ते तुम्हीच विचार करा. पण या लक्षणांत एक गंमत बघा, निम्मी लक्षणं ओळखायला डॉक्टर लागतच नाही, आईला ती आधीच दिसलेली असतात, "काल ओढत होतं, आज ओढत नाही" एवढं तिने सांगितलं की निदानातला अर्धा भाग झाला. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं, किंवा विचारून ऐकलं नव्हतं.

निकाल डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत नवजात मृत्यू दर हजारी ६२ वरून २५ वर, तिकडे ४७ गावांत ५८ वरून ६० वर, म्हणजे जागेवरच. तुलना करून हिशोब केला तर ६२ टक्के घट. जंतुसंसर्ग झालेल्या दर शंभर बाळांत आधी साधारण १७ जायची, आता तीनसुद्धा नाही. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. आणि सुईमुळे जे होईल म्हणून सगळे घाबरत होते ते झालं नाही.

पण माझ्या मते खरं शहाणपण त्यानंतरच्या विश्लेषणात आहे आणि त्याची चर्चाच होत नाही. बाळं मरतात कशाने, तर पुस्तकी उत्तर कमी वजन. कमी वजन घालवायचं तर आईचं पोट भरलं पाहिजे, तिच्या आईचंही भरलेलं असायला पाहिजे होतं, म्हणजे दोन पिढ्या थांबा. पण यांनी प्रत्येक बाळाचे आजार मांडून बघितले तेव्हा दिसलं की नुसत्या कमी वजनाने बाळ सहसा मरत नाही, एकावर एक आजार चढत गेले की मरतं, आणि कमी वजनात जंतुसंसर्गाची भर पडली की खेळ खलास. मग संसर्ग रोखला, वेळेवर ओळखला, बाळाला ऊब दिली, दूध पोटात गेलं, तर तेच दीड-दोन किलोचं बाळ जगतं, वजन जन्मतः तेवढंच असूनही. म्हणजे परत तीच अठरा कड्यांची गोष्ट, फरक इतकाच की आधी ते अंधारात सुचलेलं होतं आणि आता बाळागणिक मांडलेला पुरावा होता.

आता खोड्या काढायच्या तर काढता येतात. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, एकीकडची सलग गावं आणि दुसरीकडची सलग गावं. शिवाय सर्चसारखी संस्था, रोजची देखरेख, बंग स्वतः तिथे राहतात, असं दुसरीकडे होईल का? हा प्रश्न रास्तच होता आणि त्याचं उत्तर भाषण देऊन मिळणारं नव्हतं. म्हणून मग राज्यात सात वेगवेगळ्या संस्थांच्या भागात 'अंकुर' म्हणून हेच करून बघितलं, तिथे नवजात मृत्यू साधारण निम्म्यावर आले. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाच राज्यांत तपासलं. बांगलादेशात सिल्हेटला अशाच घरभेटींचा मोठा अभ्यास झाला, तिथे ३४ टक्के घट दिसली, गडचिरोलीइतकी नाही पण आहे. २००९ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने मिळून घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ मध्ये भारत सरकारने ते देशभरातल्या आशांच्या कामात घातलं. पहिल्या पेपरपासून मोजलं तर बारा वर्षं. बारा वर्षांत किती बाळं, हा हिशोब मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला.

आणि वरून खाली येताना काय गळालं तेही बघा. सुई गळाली. आशाने इंजेक्शन द्यायचं नाही, एएनएमपर्यंत (उपकेंद्रातली नर्स) जायचं. कारणं आहेत, आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, गाड्या आल्या, आणि महाराष्ट्राचा नवजात मृत्यू दर २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हजारी ११ आलाय, बालमृत्यू १६. १२१ वरून निघालेल्या गोष्टीत हा आकडा वाचताना बरं वाटतं (१२१ एका कोपऱ्यातला आणि १६ अख्ख्या राज्याचा, तुलना सरळ नाही, माहितीये मला). त्यात रस्ते, शिक्षण, लसी, १०८ सगळ्यांचा वाटा आहे, एकट्या घरभेटींचा नाही. पण सरकारी योजनेत आरोग्यदूताचं जे मूळ गणित होतं, की एका बाईकडे थोडं काम आणि ते नीट शिकवलेलं, तेही गळालं. आशाकडे आज नवजात बाळ आहे, गरोदर बाई आहे, टीबी आहे, कुष्ठरोगाचा सर्व्हे आहे, मोबाइलमध्ये भरायचे फॉर्म आहेत, आणि हे सगळं मानधनावर.

आमच्या आशाताईंना मी बेचाळिसाव्या दिवशी विचारलं. दवाखान्यात झालेल्या बाळाच्या सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत, सगळ्या पूर्ण झाल्या की त्यांना २५० रुपये. "मिळतात ना वेळेवर?" तर हसल्या नुसत्या. म्हणाल्या मागचे तीन-चार महिने राहिलेत, येतील. काही ठिकाणी घरी न जाताच फॉर्मवर टिक होतात हेही त्यांनीच सांगितलं, आवाज खाली करून. मग म्हणाल्या, "माझ्या वाट्याचे घर पंधरा मिनिटांवर आहेत, म्हणून जमते. जिच्या वाट्याला तीन टोले (लांबच्या वस्त्या) आहेत तिनं काय करावं?"

बाळाचं वजन चार किलो शंभर ग्रॅम भरलं. ताईंनी झोळी घडी करून बॅगेत टाकली, आईच्या हातचा चहा अर्धाच प्यायल्या, शेजारच्या गल्लीत अकरा दिवसांचं बाळ होतं आणि ते सकाळपासून नीट ओढत नाही असा निरोप आला होता.